जुन्या सागवानी कपाटांना पुन्हा झळाळी

स्वयंपाकघराचे नूतनीकरण करायचे ठरले, की पहिली कुऱ्हाड कोसळते ती ओट्याखालच्या जुन्या लाकडी कपाटांवर. तेलाच्या रापाने काळवंडलेली, पावसाळ्यात फुगून अडकणारी आणि उन्हाळ्यात सैल पडणारी ही दारे भंगाराच्या गाडीत जातात. त्यांच्या जागी लॅमिनेट चिकटवलेल्या पार्टिकल बोर्डाची चकचकीत कपाटे येतात. मात्र बारामती आणि इंदापूर परिसरातील जुन्या घरांत भंगारात जाणारे ते दार पुष्कळदा अस्सल सागवानाचे असते. वरचा काळा थर उतरवला, योग्य छटेचा स्टेन दिला आणि त्यावर पॉलिशचे नीट हात मारले, तर तेच दार आणखी एक पिढी सहज काढू शकते. अट इतकीच, की काम क्रमाने झाले पाहिजे. ऑइलपेंट लाकडाचे दोष झाकतो. स्टेन ते उघडे पाडतो. म्हणून या कामातील बरेचसे श्रम रंगाचा डबा उघडण्यापूर्वीच खर्ची पडतात.

हे लाकूड आले कोठून?

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतील. येथील रानात सागाची वने नाहीत. हक्काचे झाड म्हणजे बाभूळ, लिंब आणि चिंच. बैलगाडी, नांगर, वखर यांसाठी बाभूळ वापरली जाई. घराच्या तुळया, चौकटी आणि दारे यांसाठी मात्र ऐपतीप्रमाणे बाहेरून सागवान आणले जाई. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारशा आणि कर्नाटकातील दांडेली येथील सागाला तेव्हाही मान होता, आजही आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि गूळ पिकू लागला, तसा या भागात पक्क्या घरांसाठी पैसा आला. पुढे १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगर ही औद्योगिक वसाहत उभी केली. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि त्यांच्याभोवती पगारदारांची घरे वाढली.

इंदापूर तालुक्यात आणखी एक स्थित्यंतर घडले. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि पळसदेवसारख्या गावांना जुनी जागा सोडून नव्या जागी वसावे लागले. गाव उठते तेव्हा भिंती मागे राहतात. लाकूड मात्र गाडीत चढते. जुन्या घराची दारे नव्या घराच्या मापाला कापून बसवणे, तुळईच्या फळ्या काढून त्यांची मांडणी करणे, ही काटकसर ग्रामीण महाराष्ट्राला नवी नाही. त्यामुळे कपाट चाळीस वर्षांपूर्वी बनवलेले असले, तरी त्याचे लाकूड त्याहून कितीतरी जुने असू शकते. नैसर्गिक वनात सावकाश वाढलेल्या अशा सागाचा गाभा घट्ट आणि तेलकट असतो. लागवडीतील कमी वयाच्या झाडांच्या आजच्या लाकडात फिकट, कच्चा भाग तुलनेने जास्त निघतो. जुने दार टिकवण्यामागे आठवणींपलीकडचे हे व्यवहारी कारण आहे.

आधी पारख

कपाट पुन्हा पॉलिश करण्यासारखे आहे की नाही, हे पाहण्यासाठी एक दार उतरवून त्याची बाजूची कड पाहावी. कडेवर एकावर एक थर दिसले तर ते प्लायवूड. वरच्या रेषा कडेवरही सलग उतरलेल्या दिसल्या तर ते सबंध लाकूड. बिजागरीच्या मागचा, हात न लागलेला भाग थोडासा खरवडला, की सोनेरी तपकिरी रंग आणि सागाचा ओळखीचा तेलकट वास लगेच कळतो.

प्लायवर सागाचे पातळ विनिअर असेल तर त्यालाही स्टेन देता येतो. पण विनिअरची जाडी बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. त्यावर यंत्राने घासले, तर क्षणभराच्या दुर्लक्षाने खालचा पांढरा थर उघडा पडतो आणि ते नुकसान भरून येत नाही. सनमायका किंवा अन्य लॅमिनेट असेल तर स्टेनचा उपयोग नाही, कारण तो मुरायला तेथे लाकूडच नसते. एमडीएफचीही तीच गत.

पुढचा प्रश्न जुन्या पॉलिशचा. कापसाच्या बोळ्यावर थोडे स्पिरिट घेऊन ते दाराच्या मागच्या बाजूस दाबून धरावे. थर चिकट होऊन सुटू लागला, तर ते लाखेचे पॉलिश. स्पिरिटला दाद दिली नाही, पण थिनरने थर विरघळला, तर ते लॅकर. दोहोंनाही दाद नसेल, तर मेलामाइन, पॉलियुरेथेन अथवा ऑइलपेंट समजावे. लाखेचा थर स्पिरिटने पुसून काढता येतो. इतरांसाठी खरवडणे आणि घासणे अटळ असते.

दारे उतरवणे आणि राप काढणे

दारे चौकटीवर असतानाच घासू नयेत. प्रत्येक दारावर आणि त्याच्या चौकटीवर एकच क्रमांक घालावा, बिजागऱ्या आणि स्क्रू त्याच क्रमांकाच्या पिशवीत ठेवावेत. जुन्या हातकामात कोणतीही दोन दारे तंतोतंत सारखी नसतात; अदलाबदल झाली, की काम संपल्यावर दारे बसत नाहीत.

स्वयंपाकघरातील लाकडाचा खरा शत्रू म्हणजे फोडणीची वाफ. तेल, हळद आणि धूळ यांचा एक चिवट थर मुठीभोवती आणि शेगडीच्या बाजूस बसतो. हा थर न काढता पेपर मारला, तर तेल लाकडाच्या छिद्रांत आणखी आत दाबले जाते आणि नंतर त्या जागी स्टेन धरत नाही, ठिपके राहतात. म्हणून प्रथम कोमट साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने दार पुसावे, लगेच स्वच्छ ओल्या फडक्याने साबण काढावा आणि सावलीत पूर्ण वाळू द्यावे. धुण्याचा सोडा वापरण्याचा मोह टाळलेला बरा. क्षारामुळे लाकडाचा रंग गडद होतो. पाणी ओतून धुणे तर कटाक्षाने टाळावे, कारण जुन्या सांध्यांत भरलेला सरस पाण्याने सुटतो.

खिळे व बिजागऱ्यांभोवती निळसर काळे डाग दिसतात, ते मळाचे नसतात. लाकडातील टॅनिन आणि लोखंड यांचा ओलाव्यात संयोग होऊन ते उमटतात. बाभळीत टॅनिन भरपूर, म्हणूनच तिची साल कातडी कमावण्यासाठी वापरतात. बाभळीच्या चौकटीवर असे डाग हमखास असतात. कोऱ्या लाकडावर ऑक्झॅलिक ॲसिडचे पातळ द्रावण लावून ते फिके करता येतात. हे ॲसिड विषारी आहे. हातमोजे घालावेत, काम झाल्यावर लाकूड स्वच्छ पाण्याच्या फडक्याने दोन-तीनदा पुसावे आणि उरलेले द्रावण स्वयंपाकाच्या भांड्यांजवळ ठेवू नये.

ऑइलपेंटखालचा धोका

अनेक घरांत मूळच्या पॉलिशवर कधीतरी ऑइलपेंटचे थर चढलेले असतात. येथे सावधगिरी हवी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा बंधनकारक नियम भारतात २०१६ मध्ये काढण्यात आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या छटांत, शिसे मोठ्या प्रमाणात असू शकते. असा थर कोरडा घासला, तर त्याची बारीक धूळ घरभर पसरते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो, आणि धूळ उडते ती नेमकी अन्न शिजते त्या जागी.

त्यामुळे जुना ऑइलपेंट घराबाहेर, खाली प्लॅस्टिक अंथरून, पृष्ठभाग ओलसर ठेवून खरवडावा. ज्योतीने किंवा उष्ण हवेच्या यंत्राने तो जाळू नये. नाकावर साधा रुमाल पुरत नाही. सूक्ष्म धूळ अडवणारा मास्क हवा. खरवड गोळा करून पिशवीत बांधावी, ती परसात किंवा शेतात टाकू नये. काम चालू असेपर्यंत मुले आणि गरोदर स्त्रिया यांना त्या जागेपासून दूर ठेवावे. इतकी व्यवस्था शक्य नसेल तर जुना रंग तसाच ठेवून त्यावर नवा रंग देणे अधिक शहाणपणाचे. लाकडाच्या रेषा दिसणार नाहीत, पण धूळही उडणार नाही.

घासकाम आणि भरणी

जुना थर निघाल्यावर पॉलिश पेपर क्रमाने वापरावा : ८० नंबरने सुरुवात, मग १२०, शेवटी १८० किंवा २२०. विनिअरला ८० नंबर लावूच नये; तेथे हातानेच १५० पासून आरंभ करावा. पेपर नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवावा. आडवे ओरखडे कोऱ्या लाकडावर दिसत नाहीत. स्टेन त्यांत साठला, की एकेक ओरखडा काळ्या रेघेसारखा उठून दिसतो. २२० च्या पुढे घासण्यात लाभ नाही. लाकूड फार गुळगुळीत झाले, की स्टेन कमी शोषला जातो.

भोके आणि फटी भरताना एक चूक सर्रास होते. लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरला जातो. हा गोंद स्टेन शोषत नाही, त्यामुळे भरलेली जागा पांढरट ठिगळासारखी राहते. आजूबाजूला पुसला गेलेला गोंदही तसाच डाग ठेवतो. पॉलिश कारागिरांची जुनी पद्धत अधिक चांगली : चॉक पावडर स्पिरिटमध्ये कालवून, किंचित लाख मिसळून, तिच्यात काव, गेरू किंवा पिवळी माती घालून लाकडाच्या रंगाशी मिळती लांबी करायची आणि ती छिद्रांत चोळून भरायची. वाळल्यावर वरचा भाग पेपर मारून साफ करायचा, म्हणजे लांबी फक्त छिद्रांतच राहते.

रंगछटा देताना

स्टेन मुख्यतः तीन प्रकारचे : पाण्यात, स्पिरिटमध्ये आणि तेलात विरघळवलेले. पाण्याच्या स्टेनला वास कमी. पण पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात. म्हणून आधी ओल्या फडक्याने पृष्ठभाग पुसून, वाळल्यावर हलका पेपर मारून मगच स्टेन लावावा. कालवा आणि विहिरींच्या परिसरात पाणी जड किंवा क्षारयुक्त असल्यास बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध पाणी वापरावे. स्पिरिटचा स्टेन काही मिनिटांत वाळतो. मोठ्या दारावर एक पट्टा दुसऱ्यावर चढून गडद रेघा उमटतात, म्हणून तो सराईत हातालाच जमतो. तेलाचा स्टेन सावकाश वाळतो, चूक सुधारायला वेळ देतो. नवशिक्याने तोच घ्यावा.

वरच्या पॉलिशचा आणि स्टेनचा मेळही पाहावा. स्पिरिटच्या स्टेनवर स्पिरिटचेच लाखेचे पॉलिश बोळ्याने घासले, तर खालचा रंग विरघळून बोळ्यावर येतो. दोहोंचे द्रावक वेगळे असलेले बरे.

छटा डब्यावरील चित्रावरून ठरवू नये. घासलेल्या कोऱ्या लाकडावर स्पिरिटचे फडके फिरवले, की ओले असेपर्यंत जो रंग दिसतो, साधारण तोच रंग नुसत्या पारदर्शक पॉलिशखाली येतो. पुष्कळदा हाच रंग पुरेसा देखणा असतो आणि स्टेनची गरज फक्त फिकट फळ्या गडद फळ्यांच्या जोडीला आणण्यापुरती उरते. सागवान ताजे घासल्यावर जरा हिरवट, ठिगळ्याठिगळ्यांचे दिसते; काही दिवस उजेडात राहिले, की ते एकसारखे सोनेरी होते. तेव्हा निर्णयाची घाई करू नये. दाराच्या आतील बाजूस दोन-तीन छटा लावून, त्यांवर पॉलिशचा एक हात मारून, दिवसाच्या उजेडात आणि रात्री दिव्याखाली पाहाव्यात. फिकट रंग नंतर गडद करता येतो. गडद झालेला फिका करायचा तर पुन्हा पेपर हाती घ्यावा लागतो.

लावताना फडक्याने भरपूर स्टेन रेषांच्या दिशेने चोळावा आणि पाच ते दहा मिनिटांत जादा भाग दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा. फळीची आडवी कापलेली टोके अधिक पितात व काळी पडतात. तेथे आधी पातळ लाखेचा एक हात द्यावा. एक दार मध्येच सोडून जेवायला उठू नये.

लाख, मेलामाइन की पीयू?

वरच्या आवरणाची निवड जागेनुसार करावी. लाखेचे, म्हणजेच फ्रेंच पॉलिश हे भारतीय लाकूडकामाचे परिचित पॉलिश. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरील लाखेच्या किड्यापासून लाख मिळते. झारखंड आणि छत्तीसगड ही तिची मोठी केंद्रे. तिच्या संशोधनासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ पासून संस्था कार्यरत आहे. लाख ज्यात विरघळते ते स्पिरिट मात्र बारामती-इंदापूरच्या मुख्य पिकाशी नाते सांगते : उसाच्या मळीपासून आसवनीत मद्यार्क तयार होतो आणि तो पिण्यास अयोग्य केला, की पॉलिशचे स्पिरिट होते. ते परवानाधारक दुकानातूनच घ्यावे आणि घरात पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये; ते पोटात गेल्यास प्राणावर बेतते.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या तपशिलात एक लिटर स्पिरिटला १४० ग्रॅम लाख असे प्रमाण दिले आहे. मिश्रण काचेच्या किंवा मातीच्या भांड्यात करावे. लोखंडी डब्यात ते काळवंडते. लागेल तेवढेच तयार करावे, कारण फार दिवस ठेवलेले पॉलिश नीट कडक होत नाही. आत कापूस आणि बाहेर जुन्या धोतराचा मऊ तुकडा, असा बोळा करून पातळ हात एकावर एक द्यावेत. लाखेचा मोठा गुण हा, की ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा हात मारता येतो. मोठा दोष असा, की गरम पातेले टेकले की पांढरे वर्तुळ उमटते आणि साबण-सोड्याने थर सुटतो.

म्हणून वरची कपाटे, फडताळे आणि मांडणी यांना लाख उत्तम; सिंकखालची आणि शेगडीलगतची दारे यांना मेलामाइन किंवा पीयू अधिक टिकाऊ. मेलामाइन तुलनेने स्वस्त, पण वाळताना फॉर्मल्डिहाइडचा उग्र वास सोडते आणि काळाने पिवळसर होते. दोन घटक मिसळून वापरायचे पीयू पाणी, वाफ आणि तेल यांना सर्वाधिक दाद देत नाही. त्याच्या फवाऱ्यातील आयसोसायनेट मात्र श्वसनाला अपायकारक असते. दमेकरी असलेल्या घरात ही दारे कारखान्यातच करून आणावीत किंवा पाण्यावर आधारित पीयू निवडावे. जुन्या लाखेवर पीयू थेट मारू नये. साध्या लाखेत मेण असते आणि त्यावर पीयू नीट चिकटत नाही.

आवरण कोणतेही असो, दाराची मागची बाजू आणि चारही कडा यांना तेवढेच हात द्यावेत. एकच बाजू बंद केली, तर दुसरीकडून ओलावा शिरतो आणि दाराला बाक येतो.

काम केव्हा काढावे?

पावसाळ्यात हे काम टाळावे. हवेतील ओलाव्याने लाखेवर पांढुरके धुके येते आणि फुगलेले दार रंध्याने कमी केले, तर उन्हाळ्यात तेथे फट पडते. एप्रिल-मेच्या उन्हात स्टेन पुसण्याआधीच वाळतो. दिवाळीनंतरचा कोरडा, थंड काळ सर्वांत अनुकूल. पण कारखान्यांचा गाळप हंगामही तेव्हाच असतो. धुराड्याच्या वाऱ्याच्या बाजूस घर असेल तर ओल्या पॉलिशवर बगॅसची काजळी बसते. अशा ठिकाणी दारे अंगणात न वाळवता बंद खोलीत, फरशी ओल्या फडक्याने पुसून वाळवावीत.

आगीचा धोका विसरू नये. स्वयंपाकघरात स्पिरिट किंवा थिनर उघडण्यापूर्वी गॅस सिलिंडर बंद करून बाहेर काढावा, देवघरातील दिवाही शांत करावा. अळशीच्या तेलाचे किंवा तेलाच्या स्टेनचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकले, तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. असे फडके पसरून उघड्यावर वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.

बोली करताना

पॉलिशची मजुरी चौरस फुटावर ठरते. दोन फूट उंच आणि दीड फूट रुंद दाराची एक बाजू तीन चौरस फूट, दोन्ही बाजू सहा. अशा दहा दारांचे साठ चौरस फूट होतात. चौकटी आणि फळ्यांचे माप वेगळे. दर फक्त मजुरीचा की मालासह, जुना थर काढणे त्यात धरले आहे की नाही, पॉलिशचे किती हात, आतली बाजू मोजायची की नाही, या चार गोष्टी आधी कागदावर लिहून घ्याव्यात. बहुतेक वाद याच चार मुद्द्यांवर होतात. पूर्ण कामाआधी एक दार नमुना म्हणून करून घ्यावे आणि ते शेवटपर्यंत समोर ठेवावे.

प्रत्येक कपाट वाचवलेच पाहिजे असेही नाही. सुरीचे टोक सहज आत जाते इतके लाकूड कुजले असेल, ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल किंवा प्लायचे थर सुटले असतील, तर पॉलिशवर पैसे घालण्यात अर्थ नाही. वाळवीची माती दिसली, तर आधी तिचा बंदोबस्त आणि गळक्या नळाची दुरुस्ती करावी. सिंकखालची खोकी सडलेली आणि दारे मात्र धडधाकट, असे अनेक घरांत आढळते. तेथे खोकी पाणीरोधक प्लायची नवी करून त्यांवर जुनीच सागवानी दारे बसवता येतात. सगळे काढून फेकण्याचा निर्णय घेण्यापूर्वी निदान एक दार उतरवून त्याची कड पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.